राहीबाईच्या जबड्याचा तुकडा

मी राहीबाईच्या खालच्या जबड्याचा एक तुकडा बोलतोय. उजव्या बाजूचा, दाढांच्या खालचा. आकाराने चिंचोक्याएवढा आहे. माझ्या एका टोकाला दाढेच्या खड्ड्याची अर्धी भिंत अजून दिसते. बाकीचा भाग वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखा खडबडीत आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात काचेचं कपाट आहे, त्यात एका बाटलीत औषधाच्या पाण्यात मी बुडून आहे. झाकण घट्ट लावलेलं आहे. याआधी मी जिथे होतो तिथूनही मला सुटता येत नव्हतं. अडकून राहण्याची मला सवय झाली आहे.

जबड्याच्या हाडाने बोलावं यात नवल वाटू देऊ नका. राहीबाई जन्मभर जे बोलली, ते मीच हललो म्हणून बोलली. तिच्या तोंडात होतो तोवर मला दिसत नव्हतं, पण तिचा कान माझ्या शेजारीच होता. जे तिने ऐकलं ते मीही ऐकलं.

आमचं गाव आदिलाबादहून तलमडुगूच्या बाजूला. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. शेतात कापूस आणि ज्वारी, दोन्ही पावसावर. राहीबाईचा नवरा महिपत, सरळ आणि कमी बोलणारा माणूस. शेजारच्या खोलीत तिची धाकटी जाऊ बयनाबाई, जी दोघांच्या वाटणीचं बोलायची.

लोकांना वाटतं, हाड म्हणजे अंगातला दगड. एकदा झालं की झालं. तसं नसतं. आमच्यात रात्रंदिवस काम चालू असतं. दोन तऱ्हेचे गडी असतात. एक जुनं झालेलं हाड खरवडून काढतात, दुसरे त्या जागी नवं भरतात. मातीच्या भिंतीला नवा गिलावा द्यायचा तर आधी पोपडे काढावे लागतात, तसंच ते. मोडणारे गडी आधी, बांधणारे मागून. यातही जबड्यात काम फार. माणूस दिवसभर चावतो, बोलतो, दात दाबतो. सगळा भार आमच्यावर येतो. म्हणून आमची डागडुजी इतर हाडांपेक्षा जास्त आणि लवकर व्हावी लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

राहीबाईच्या जबड्याला गावात मान होता, आणि तो पेवामुळे होता.

पेव म्हणजे धान्य ठेवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. आत कडबा आणि भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचं. मग पावसाळा उलटेपर्यंत कुणी उघडायचं नाही. ज्वारीत ओल राहिली असेल तर ती आत तापते आणि सडते, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून भरायच्या आधी दाणा दाताखाली फोडून बघायचा. वाळलेला दाणा कट् करून फुटतो. ओला दाणा नुसता दबतो. हे गावात सगळ्यांनाच येत होतं, पण राहीबाईच्या सासूचे दात पडल्यापासून लोक खात्रीसाठी राहीबाईकडे यायला लागले. खळं झालं की कोणी ना कोणी मूठभर ज्वारी घेऊन ओट्यावर बसलेलं असे.

"बाईचे दात म्हंजे सरकारी काटा," बयनाबाई म्हणायची. "फक्त ठप्पा मारायचा राह्यला."

राहीबाई दाणा उजव्या दाढेखाली धरायची, माझ्या अगदी माथ्यावर. कट् झालं की तो आवाज माझ्यातून तिच्या कानात जायचा. मग ती सांगायची, "भरा." किंवा, "दोन ऊन अजून दाखवा."

एके वर्षी, १९८४ असेल, माणिकरावांच्या पेवाचं वेगळंच झालं. माणिकराव आमच्या पलीकडच्या घरातले, महिपतच्या नात्यातले. राहीबाईने दाणा फोडून "भरा" म्हटलं, त्यांनी भरलं, आणि दिवाळीला पेव उघडलं तर आतून असा वास आला की उघडणारे मागे सरले. अर्धी ज्वारी काळी पडून घट्ट झाली होती.

"वहिनीचे दात चुकले औंदा," माणिकराव चारचौघांत म्हणाले.

महिपतच्या घराण्यात एक रीत होती. पेव सडलं की त्यातली मूठभर सडकी ज्वारी फडक्यात बांधून वळचणीला टांगायची. पाणी कुठून शिरलं ते सापडेपर्यंत ती मूठ सोडायची नाही आणि त्या पेवात दाणा घालायचा नाही. माणिकरावांनी कंटाळा केला होता. राहीबाईने स्वतः जाऊन त्यांच्या वळचणीला ती मूठ टांगली.

"आता घरात वास येत राहीन ना," माणिकराव म्हणाले.

"येऊ द्या," ती म्हणाली. "वास आला म्हंजे इसरनार नाई तुमी."

पेवातली कोंडलेली हवा निघून गेल्यावर महिपत दोर धरून खाली उतरला. भिंतीत, कडब्याच्या थरामागे, घुशीचं बीळ निघालं. ते थेट नाल्याच्या अंगाला गेलं होतं. पावसाळ्यात तिथून पाणी झिरपत होतं. दाणा वाळलेलाच होता. मूठ त्या दिवशी सोडली, नाल्यात टाकली. माणिकराव पुढच्या वर्षी पुन्हा मूठ घेऊन ओट्यावर आले, थोडे ओशाळलेले. राहीबाईने दाणा फोडला आणि म्हणाली, "दाना चांगला हाय. घुशीचं तुमचं तुमी पाहा."

ते दिवस चांगले होते. मी माझ्या कामात होतो आणि माझे गडी त्यांच्या.

मग आठ-नऊ वर्षांनी राहीबाईच्या छातीत गाठ आली. तिने ती बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. अशा जागेचं दुखणं बाया सांगत नाहीत. बयनाबाईने आंघोळीच्या वेळी पाहिली आणि भांडून तिला नागपूरला धाडली. ऑपरेशन झालं. दोन-तीन वर्षं बरी गेली. नंतर पाठ दुखायला लागली. आधी वाटलं, कापूस वेचून दुखते. मग तिला वाकता येईना, मग बसता येईना. १९९६ च्या उन्हाळ्यात तिला बाजेवरून उठवायला दोन माणसं लागायची. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की आजार पाठीच्या हाडांत उतरला आहे. हाडं पोखरली जात आहेत. त्यांच्याकडे एक नवं औषध आलं होतं, सलाईनमधून द्यायचं, दर महिन्याला.

"याने हाडं बळकट होतील, मावशी," ते म्हणाले. ते तरुण होते, हळू बोलायचे. "आजार जाणार नाही. पण पाठ धरून राहील."

गावात त्याचं नाव पडलं हाडाचं सलाईन.

ते औषध माझ्यापर्यंत आलं तेव्हाचं मला आठवतं. रक्तातून आलं आणि जिथे काम जास्त चालू होतं तिथे जाऊन बसलं. पाठीत गेलं आणि जबड्यातही आलं. पाठीत मोडणारे गडी माजले होते. आजाराने त्यांना चिथावलं होतं आणि ते बांधलेलंही पाडत होते. औषधाने त्यांना खाली बसवलं. पाठीवर त्याने उपकारच केले. पहिल्या दिवशी ताप आला, मग हळूहळू दुखणं उतरलं. दसऱ्याला राहीबाई एकटी उठून ओट्यावर येऊन बसली. महिपतने त्या दिवशी तिच्यासमोर बसून चहा घेतला.

पण औषधाला पाठ कोणती आणि जबडा कोणता हे कुठे कळतं? माझ्यातलेही मोडणारे गडी एकेक करून बसले. खरवडण्याचं काम थांबलं. सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. सगळं शांत झालं. मी टणक झालो. जुनं हाड आहे तसं राहिलं, त्यावर थर चढले. मला वाटलं, मी मजबूत होतो आहे. भिंतीचे पोपडे कोणी काढत नाही, एवढंच त्यात घडत होतं. पोपडे काढले नाहीत की नवा गिलावा बसत नाही, आणि आत भेग पडली तर ती कोणी बुजवत नाही. हे मला तेव्हा उमगलं नाही.

त्या साली खळं झालं आणि माणिकराव मूठ घेऊन आले.

राहीबाईच्या उजव्या दाढेत कीड होती. आजारपणात त्या किडीकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं, राहीबाईनेही नाही. दाढ अधूनमधून ठणकायची. मागच्या दोन सालांत तिने दाणा फोडायचं सोडून दिलं होतं.

"मले नोका सांगू," ती म्हणाली. "दाढ दुखते."

"अवं वहिनी, आता काय दुखते? हाडाचं सलाईन चालू हाय तुमाले. आता त तुमचा जबडा लोखंडाचा झाला असन."

ओट्यावरची माणसं हसली. बयनाबाईही म्हणाली, "खरंच की व बाई. पाठ बरी झाली, त दात काऊन होनार नाई? हाडच त हाय तेबी."

हे बोलणं मला नंतर किती तरी वेळा ऐकू आलं. चूक कोणाची म्हणावी? सलाईनचं नावच हाडाचं होतं. पाठ उभी राहिलेली सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. राहीबाईला स्वतःलाच वाटत होतं की आपण नव्याने घडलो आहोत. दोन सालांनी लोक पुन्हा मूठ घेऊन आले, याचा तिला आनंद झाला होता, तो तिने दाखवला नाही इतकंच. तिने दाणा उजव्या दाढेखाली धरला आणि दाबला. कट् झालं. "भरा," ती म्हणाली. ते खळं आटपेपर्यंत ती रोज दाणे फोडत होती. संक्रांतीच्या आसपास एक दाणा फुटला आणि त्याच्याबरोबर दाढही उभी चिरली. ती चीर मला माझ्या आतपर्यंत जाणवली.

आदिलाबादच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. ते तेलुगू बोलणारे, मायाळू गृहस्थ. "अम्मा, नोप्पी उंदा? दर्द है?" असं विचारत विचारत त्यांनी काम केलं. शुगर आहे का विचारलं, बीपी आहे का विचारलं. राहीबाईने दोन्हीला नाही म्हटलं. सलाईनचं तिने सांगितलं नाही, कारण ते पाठीचं होतं आणि हे दातांचे डॉक्टर होते. त्यांनीही विचारलं नाही. त्या काळात असं काही विचारायचं असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या हाताने दाढ छान निघाली. त्यांना मी दोष देत नाही.

दाढ निघाली की खड्डा भरून काढायचं काम आमचं. आधी मोडणाऱ्यांनी कडा साफ करायच्या, मग बांधणाऱ्यांनी आत हाड भरायचं, वरून हिरडी मिटायची. मी वाट पाहिली. कोणी उठलं नाही. कोणी कडा खरवडल्या नाहीत. खड्डा तसाच राहिला. त्यात भाकरीचे कण जाऊन बसले, जंतू आले. रक्त यायचं कमी झालं. हिरडी माझ्यावरून मागे सरकू लागली आणि एके दिवशी मला वारा लागला. जिवंत हाडाला वारा लागणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. त्यानंतर मी हळूहळू बधिर झालो. राहीबाईचा खालचा ओठही उजवीकडे बधिर झाला. चहा सांडायचा आणि तिला कळायचं नाही.

मी मेलो, पण सुटलो नाही. मेलेलं हाड शरीराने बाहेर टाकायचं असतं. त्यासाठीही मोडणारे गडीच लागतात; ते मेलेल्या आणि जिवंत हाडाच्या मधली जागा पोखरतात आणि तुकडा सुटा होतो. ते तर बसलेले. मी मेलेला आणि शेजारी जिवंत हाड, दोघं एकमेकांना चिकटून. त्याला मी खुपत होतो. पू होत होता. बाहेर पडायला वाट नव्हती.

घरातल्यांनी आपापल्या परीने कारणं शोधली. बयनाबाईने राहीबाईच्या मिस्रीला, दात घासायच्या जळक्या तंबाखूला, धरलं.

"किती खेप सांगतलं, ते काळं घासनं सोडा म्हून. आता पाहा."

राहीबाईने मिस्री सोडली. पानही सोडलं; चुन्याची पितळी डबी रिकामी करून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली. काही फरक पडला नाही. मग हळद झाली, लवंग झाली. बयनाबाईने बिब्बा तापवून त्याचं तेल हिरडीला लावलं, तर तोंड सुजून दुसरंच दुखणं उभं राहिलं. मग सगळे बिब्ब्याला दोष द्यायला लागले आणि बयनाबाई दोन दिवस जेवली नाही.

दर महिन्याला राहीबाई आणि महिपत बस धरून पांढरकवड्यावरून नागपूरला जायचे. सलाईन लागायचं. पाठीला बरं वाटायचं. पुन्हा तेच औषध माझ्या शेजाऱ्यांत येऊन बसायचं.

मग वास सुटला. राहीबाईला तो लगेच ओळखता आला. एकदा तोंड धुताना ती थबकली आणि स्वतःशीच म्हणाली, "पेवाचा वास हाय हा."

त्यानंतर ती माणसांत बसेना. हळदीकुंकवाला गेली तर पदर तोंडावर धरून बसायची आणि लवकर उठायची. भाकरी चावेना म्हणून आंबील प्यायची. ओट्यावर मूठ घेऊन आता कोणी येत नव्हतं. ती बोलणंही कमी करायला लागली. ज्या जबड्याने तिला मान मिळवून दिला त्याच जबड्यात ती कोंडली गेली, आणि तिच्यात मी.

महिपत मात्र होता तिथेच बसायचा, तिच्या अगदी जवळ.

"सरका तिकडं," ती म्हणायची. "वास येते."

"मले नाई येत."

"खोटं नोका बोलू."

"तंबाखूनं नाक गेलं माहं," तो म्हणायचा. "कायचाच वास येत नाई."

त्याचं नाक चांगलं होतं. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर तो इथून सांगायचा.

१९९८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांना तिने पहिल्यांदा तोंड उघडून दाखवलं. इतके दिवस लाजत होती. त्यांनी बॅटरी धरली. हिरडीतून मी उघडा दिसत होतो, पिवळट, कोरडा. त्यांना भीती वाटली की छातीतला आजार जबड्यात आला. त्यांनी चिमट्याने धरून हलवलं, तर इतक्या महिन्यांच्या पुवाने मी एका बाजूने सुटा झालेलोच होतो. मी निघालो. राहीबाईला दुखलं नाही. मला एकदम उजेड दिसला.

माझ्याबरोबरचा एक तुकडा तपासायला गेला. मला त्यांनी जाळीच्या पट्टीत गुंडाळून राहीबाईच्या हातात दिलं, कारण तिने मागून घेतलं.

"कशाला हवा, मावशी?"

"माहंच हाय ना ते. मी गेली म्हंजे माह्या संगं जाळतीन."

गावी जाऊन तिने मला धुतलं, उन्हात वाळवलं, आणि देवळीतल्या त्या चुन्याच्या डबीत ठेवलं. महिपतला दाखवून म्हणाली, "हे इसरजा नोका. अर्धी मागं ठेवून मले नाई जायाचं. सारी जाईन."

"नाई इसरत," महिपत म्हणाला.

डबीत अंधार होता आणि चुन्याचा जुना वास. तिथेही मी कोंडलेलोच होतो, पण माझ्या माणसाच्या घरात होतो. पुढच्या खेपेला नागपूरला जाताना तिने डबी बटव्यात घालून बरोबर घेतली. घरात ठेवून जायला तिला धीर होत नव्हता.

डॉक्टरांनी तपासणीचं सांगितलं. "त्यात कॅन्सर नाही, मावशी. नुसतं मेलेलं हाड आहे."

"मंग मेलं काऊन ते?"

डॉक्टरांनी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. "मला माहीत नाही. खरं सांगतो. दाढ काढलेली जागा भरली नाही, जंतू गेले, तंबाखूही होता. पण एवढ्याने असं होत नाही. मी असं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. आणि गेल्या महिन्यात आणखी एक बाई आल्या, त्यांचंही असंच."

मग सलाईनची वेळ झाली. राहीबाईने विचारलं, "आज लावायचं का?"

"लावू या. पाठीसाठी हवंच ते."

ती पलंगावर आडवी झाली. बटवा तिच्या कमरेला होता, बटव्यात डबी, डबीत मी. वर दांडीला बाटली टांगलेली. थेंब पडायला लागले. मी तिथून ओरडलो असतो तर काय सांगितलं असतं? हे थांबवा, असं म्हणालो असतो तर तिची पाठ गेली असती. चालू ठेवा म्हणालो असतो तर जबड्याचा उरलेला भाग माझ्या मागून आला असता. आणि कारण हेच आहे असं मी तरी छातीठोक कसं म्हणू? कीड होती, मिस्री होती, दाणे फोडणं होतं, आजारही अंगात होताच. मला इतकंच ठाऊक होतं की ज्या दिवशी हे औषध आलं त्या दिवसापासून माझे गडी उठले नाहीत. ते ठाऊक असून मी चुन्याच्या डबीत पडून थेंब ऐकत राहिलो.

सलाईन संपल्यावर डॉक्टर पुन्हा आले. जरा संकोचाने म्हणाले, "मावशी, तो तुकडा तुमच्याकडे आहे ना? इथे ठेवता येईल का? त्या दुसऱ्या बाईंचाही ठेवला आहे. दोन्ही शेजारी असले तर पुढे कधी तरी कुणाला कळेल. जबरदस्ती नाही."

राहीबाई उठली. व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. महिपतने तिकिटांसाठी खिसा चाचपला आणि म्हणाला, "चाल, बस निंगून जाईन."

"द्यावं म्हंते मी."

"काय?"

"हाड."

महिपत तिच्याकडे वळला. "तूच म्हनत होती ना सारी जाईन म्हून? आन् आता परक्या गावात, बाटलीत ठेवून जाशीन? उद्या लोक मले काय म्हनतीन?"

"लोकायले काय कळते."

"मले त कळते," तो म्हणाला. "मी कबूल केलं व्हतं तुले."

राहीबाईने बटव्यातून डबी काढली. झाकण उघडलं. मला तिचा चेहरा दिसला, एका बाजूने आत बसलेला. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. बोलणं तिला जड जात होतं, तरी ती सावकाश बोलली.

"मानिकरावच्या वळचनीले मूठ टांगली व्हती म्या, याद हाय? त्यायले वास येत व्हता, तरी टांगली. समजा फेकून देली असती, त घूस सापडली असती का?"

महिपतने नकाराची मान हलवली.

"ते डॉक्टर म्हंते, अजून एक बाई हाय अशीच. मंग पेव एकाचंच नाई सडलं ना. मी हे घेऊन जळून जाईन, त मूठ कुठं राह्यली? पानी कुठून शिरलं ते कोन पाहीन?"

"तू अर्धीच जाशीन मंग."

"जाईन. एवढूसा त तुकडा हाय." मग ती किंचित हसली, डाव्या बाजूनेच. "तुमालेबी तेवढाच वास कमी."

महिपतने बराच वेळ बाकाच्या फळीवरून हात फिरवला. शेवटी म्हणाला, "राहू दे मंग."

तिने मला दोन बोटांत धरून डॉक्टरांच्या हातावर ठेवलं. डबी रिकामी झाली. महिपतने झाकण लावून ती आपल्या खिशात घातली.

तेव्हापासून मी या बाटलीत आहे. शेजारच्या बाटलीत त्या दुसऱ्या बाईचा तुकडा आहे. आम्ही दोघं काचेतून एकमेकांकडे बघतो. त्याची कहाणी मला ठाऊक नाही, पण त्याचा रंग माझ्यासारखाच आहे.

एक वर्ष गेलं. १९९९ च्या थंडीत महिपत एकटा आला. त्याने डोकं भादरलेलं होतं, केस नुकते फुटत होते. कपाटासमोर उभा राहून त्याने कोणती बाटली आपली हे विचारलं. डॉक्टरांनी मला बाहेर काढून उजेडात धरलं. महिपतने हात लावला नाही, नुसतं पाहिलं.

"गेली. दिवाळीच्या आंधी," तो म्हणाला. "पाठ शेवटलोग चांगली व्हती. बसून गेली." मग त्याने विचारलं, "सापडलं का, पानी कुठून शिरलं ते?"

डॉक्टरांना ते पेवाचं बोलणं माहीत नव्हतं, पण विचारणं समजलं. ते म्हणाले, "नाही, बाबा. अजून नाही."

"मंग राहू द्या. सापडल्याबिगर सोडायचं नाई. सापडलं म्हंजे सांगजा, मी घ्यायले येईन. पैनगंगेत टाकावं लागते, बाकीची तिथंच हाय." जाताना दाराशी वळून तो म्हणाला, "डबी हाय घरी. ठेवली म्या."

तुम्ही जे कोणी हे ऐकता आहात, त्यांना माझं एवढंच मागणं आहे. हाडाचं औषध वाईट आहे असं म्हणून ते टाकून देऊ नका. राहीबाई त्याच्यामुळे शेवटपर्यंत बसू शकली. पण ते सुरू करायच्या आधी माणसाचं तोंड उघडून बघा. किडलेला दात असेल तर त्याची व्यवस्था आधी लावा. दात काढणाऱ्या डॉक्टरांना पाठीच्या औषधाचंही सांगा. तोंडातली जखम भरत नसेल तर लाजून पदर धरू नका. आणि ज्यांना शिकायचं आहे त्यांनी या कपाटापाशी या, आम्हा दोघांना शेजारी ठेवून बघा, आमच्या दोन बायांना सारखं काय दिलं गेलं ते विचारा.

कपाटाच्या काचेवर आता धूळ बसली आहे. ते तरुण डॉक्टर दुसऱ्या गावी बदलून गेले. नवीन माणसं येतात, खालच्या कप्प्यातलं सामान घेतात आणि जातात. मी वळचणीला टांगलेली मूठ आहे, आणि मला अजून कोणी सोडलेलं नाही. तलमडुगूच्या बाजूच्या एका घरात, देवळीत, चुन्याची एक रिकामी पितळी डबी माझी वाट पाहते आहे.